कच्चा टांका, पक्का टांका

गेल्या पौष महिन्यांतील एका दुपारीं आमच्या नांदेडच्या घराच्या माजघरांत एक असें वस्त्र पसरलें गेलें, कीं जें त्या माजघरानें पूर्वीं कधीं पाहिलें नव्हतें. या घरांत खणांच्या चोळ्या शिवल्या गेल्या, बाळंतविडे शिवले गेले, गोधड्यांना ठिगळें लागलीं. परंतु गळ्यापासून घोट्यापर्यंत एकसंध, पुढें लांबच लांब चेन असलेला, रानहिरव्या रंगाचा वैमानिकाचा पोशाख येथें प्रथमच येत होता. आमची पुतणी हैदराबादजवळील दुंडीगल येथील वायुसेना अकादमींतून फ्लाइंग ऑफिसर होऊन थोड्या दिवसांच्या रजेवर घरीं आली होती. तिच्या पिशवींत तो पोशाख होता, आणि एका कागदी पाकिटांत त्यावर लावावयाच्या खुणा होत्या: खांद्यावरच्या हुद्द्याच्या फिती, छातीवरचे पंख, नांवाची पट्टी आणि बाहीवरचा लहानसा तिरंगा. त्या शिवण्याचें काम तिनें आजीकरितां मुद्दाम राखून ठेविलें होतें.

आमच्या मातोश्रींचें वय ८५ वर्षांचें. दृष्टि थोडी मंद झाली आहे, पण सुईंत दोरा ओंवण्यास त्या अद्याप कोणाची मदत घेत नाहींत. त्यांनीं आपल्या डब्यांतून चकाकणाऱ्या नायलॉनच्या दोऱ्याचें रीळ काढलें, तोंच पुतणीनें त्यांचा हात धरला.

"आजी, हा दोरा नको."

"कां गं? याच्याइतका चिवट दोरा दुसरा नाहीं."

"चिवट आहे, पण विस्तव लागला कीं वितळतो."

त्या एका शब्दापासून ती दुपार म्हणजे आम्हां सर्वांस एक पाठच झाली. आजकाल पुष्कळ घरांतील मुलगे, आणि आतां मुलीहि, सेनादलांत जाऊं लागल्या आहेत. त्यांच्या अंगावरच्या खुणांचा अर्थ घरच्या माणसांस ठाऊक असावा, इतकेंच नव्हे तर त्यांपैकीं कोणती घट्ट शिवावी व कोणती सैल ठेवावी यामागें काय विचार आहे तोहि कळावा, म्हणून त्या दुपारीं जें ऐकलें व मागाहून जें वाचून पडताळून पाहिलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

वैमानिकाचा पोशाख शोभेसाठीं नसतो, तो आगीसाठीं असतो. अपघाताच्या वेळीं ज्या कांहीं क्षणांत बाहेर पडावयाचें, तेवढे क्षण अंगावरच्या कापडानें दम धरावा, हीच त्याच्याकडून मुख्य अपेक्षा. नायलॉन किंवा पॉलिएस्टर हीं कापडें ज्वाळा लागतांच वितळतात व तो तप्त रस कातडीस चिकटून बसतो. म्हणून असे पोशाख ॲरामिड जातीच्या तंतूंचे विणतात. 'नोमेक्स' हें त्यांतील प्रसिद्ध नांव; अमेरिकेंतील ड्यू पाँट कंपनीनें १९६० नंतरच्या दशकांत तें पुढें आणलें. हा तंतु वितळत नाहीं. फार तापला तर तो कोळसतो आणि फुगून जाड होतो, व तोच थर आंतल्या अंगास आडोसा देतो. आतां अशा वस्त्रावर साध्या नायलॉनच्या दोऱ्यानें खूण शिवली, तर सारें वस्त्र शाबूत राहूनहि त्या खुणेच्या कडेकडेनें अंगावर भाजल्याची रेघ उमटावयाची! म्हणून कापड ज्या जातीचें, दोराहि त्याच जातीचा, हा या शिवणाचा पहिला नियम होय. पुतणीनें तसला दोरा बरोबर आणला होता. मातोश्रींनीं तो दांतानें तोडून पाहिला, आणि तुटेना तेव्हां त्यांची खात्री पटली.

दुसरा नियम धातूविषयींचा. समारंभाच्या गणवेशावर पंख व पदकें टाचणीनें अडकवितात. उड्डाणाच्या पोशाखावर तें चालत नाहीं. विमान उलटें झालें कीं निसटलेली एक टाचणीहि तळाशीं राहत नाहीं. ती जेथें जाऊं नये तेथें जाते, आणि एखाद्या कळींत किंवा दांड्याच्या फटींत अडकली तर केवढा अनर्थ होईल हें सांगणें नलगे. शिवाय वैमानिकाच्या दोन्ही खांद्यांवरून आसनाचे पट्टे आवळलेले असतात. लढाऊ विमानानें तीव्र वळण घेतलें म्हणजे शरीराचें वजन सात-आठ पटींनीं वाढल्यासारखें होतें. त्या वेळीं पट्ट्याखालीं आलेली दोऱ्याची एक गांठसुद्धां खड्यासारखी रुतते. म्हणून या खुणा सर्वस्वीं कापडाच्या, भरतकामाच्या आणि होतां होईल तों सपाट असाव्या लागतात.

आमच्या वाचकभगिनींपैकीं कोणावर हें काम पडलें तर क्रम असा ठेवावा. प्रत्येक खुणेची जागा व माप दलाच्या नियमांत ठरलेलें असतें. तें आधीं विचारून घ्यावें, आपल्या आवडीनें बोटभरहि इकडेतिकडे करूं नये. नवें वस्त्र एकदां धुऊन वाळवावें. नाहींतर तें पुढें आटतें आणि खुणेभोंवतीं चुण्या पडतात. मग ज्याचें वस्त्र त्याच्या अंगावर घालून खडूनें रेघ ओढावी, खूण बेतून सैलसर धावदोरा घालावा, आणि ती सरळ बसली असें दोघांतिघांनीं दुरून पाहून सांगितल्यावरच कडेनें बारीक टीप घालावी. दोऱ्याचीं टोकें खुणेच्या खालीं घ्यावीं, वर गांठ ठेवूं नये. टीप घालतांना डावा हात खिशांत घालून ठेवावा. आमच्या वहिनींनीं ही खबरदारी घेतली नाहीं व नांवाच्या पट्टीबरोबर छातीवरचा खिसाहि शिवून टाकला. तो उसवीपर्यंत माजघरांत बराच वेळ हंसें चाललें होतें.

खांद्यावर शिवावयाची फीत एकच होती. मातोश्रींनीं विचारलें, "एवढीच?" तेव्हां पुतणीनें जमिनीवर खडूनें ती सारी शिडी काढून दाखविली. फ्लाइंग ऑफिसरच्या खांद्यावर एक फीत. फ्लाइट लेफ्टनंटच्या दोन. स्क्वाड्रन लीडरच्या दोन व त्यांच्यामध्यें एक बारीक. विंग कमांडरच्या तीन. ग्रुप कॅप्टनच्या चार. त्यापुढें एअर कमोडोर झाला कीं सर्व फिती जाऊन एक रुंद पट्टा येतो, आणि मग त्या पट्ट्यावर एअर व्हाइस मार्शलची एक, एअर मार्शलच्या दोन व एअर चीफ मार्शलच्या तीन फिती चढतात. चार फितींचा मनुष्य एके दिवशीं एकाच पट्ट्याचा होतो आणि त्यास बढती म्हणतात, याची मातोश्रींना मोठी मौज वाटली.

या फिती मूळच्या आकाशांतल्या नव्हेत, समुद्रावरच्या आहेत. पहिल्या महायुद्धांत ब्रिटनचें आरमारी विमानदल व लष्करी विमानदल हीं निरनिराळीं होतीं; १ एप्रिल १९१८ रोजीं तीं एकत्र करून 'रॉयल एअर फोर्स' स्थापन झालें. त्यानें आरमारी अधिकाऱ्यांच्या बाहीवरील वळीं उचललीं, आणि १९१९ च्या ऑगस्टमध्यें हुद्द्यांना स्वतःचीं नांवें दिलीं. ८ ऑक्टोबर १९३२ रोजीं भारतीय वायुसेना जन्मास आली तेव्हां हीच परंपरा तिच्याकडे आली. स्वातंत्र्यानंतर चिन्हांतील राजमुकुट गेला व तेथें अशोकस्तंभावरील सिंह आले. बोधवाक्य भगवद्गीतेच्या ११ व्या अध्यायांतून, विश्वरूप पाहून भयचकित झालेल्या अर्जुनाच्या उद्गारांतून घेतलेलें आहे. फिती मात्र त्याच राहिल्या.

या शिडीच्या शेवटच्या पायरीवर आपल्या नांदेड जिल्ह्याचें नांव लागलें आहे, हें येथें अवश्य सांगितलें पाहिजे. हदगांव तालुक्यांतील हस्तरा या गांवच्या घराण्यांतील विवेक राम चौधरी हे २९ डिसेंबर १९८२ रोजीं लढाऊ विमानांच्या शाखेंत अधिकारी झाले, आणि ३० सप्टेंबर २०२१ पासून ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत भारतीय वायुसेनेचे प्रमुख होते. मुळगांवकर, टिपणीस आणि नाईक हे मराठी नांवांचे प्रमुख त्यांच्यापूर्वीं होऊन गेले. पण गोदाकांठच्या या जिल्ह्यास तो मान प्रथमच मिळाला. त्यांच्याच कारकीर्दींत, ८ ऑक्टोबर २०२२ रोजीं चंदीगड येथें वायुसेनेचा नवा रणवेश प्रकट झाला, आणि ८ ऑक्टोबर २०२३ रोजीं प्रयागराज येथें वायुसेनेच्या ध्वजावर दलाचें मानचिन्ह नव्यानें चढलें. एका बारीकशा फितीपासून रुंद पट्ट्यावरील तीन फितींपर्यंत यावयास त्यांस ३८ वर्षांहून अधिक काळ लागला. मुलाबाळांच्या पहिल्या फितीकडे पाहून "एवढीच?" असें विचारणाऱ्या वडील माणसांनीं हा हिशेब मनांत ठेवावा. आजच्या नियमाप्रमाणें दुसरी फीत सेवेच्या दोन वर्षांनीं, मधली बारीक फीत सहा वर्षांनीं आणि तिसरी तेरा वर्षांनीं लागते; त्यापुढें निवडीची चाळण बारीक होत जाते.

फिती झाल्या, पंख झाले, नांव झालें. मग मातोश्रींचें लक्ष छातीवरच्या एका रिकाम्या जागेकडे गेलें. तेथें लोंकरीसारख्या मऊ कापडाचा एक गोल शिवलेला होता, व त्यावर कांहींच नव्हतें. ती जागा तुकडीच्या चिन्हाची, असें पुतणीनें सांगितलें. शिक्षण पुरें होऊन ज्या तुकडींत, म्हणजे स्क्वाड्रनमध्यें, नेमणूक होईल, तिचें चिन्ह तेथें यावयाचें. आणि तें शिवावयाचें नाहीं, चिकटवावयाचें.

तुकडीचें चिन्ह म्हणजे काय हें आपल्याकडे निराळें समजावून सांगण्याची गरज नाहीं. भारती युद्धांत भीष्मांच्या रथावर ताडाचा ध्वज होता, अर्जुनाच्या रथावर कपीचा. दुरून ध्वज दिसला कीं कोण येत आहे हें दोन्ही सैन्यांस कळे. आजच्या तुकड्यांच्या चिन्हांवरहि असेच पशुपक्षी व शस्त्रें असतात, आणि नव्या माणसाच्या छातीवर तें चिन्ह चढलें, म्हणजे तो त्या घरचा झाला.

हें चिन्ह ज्या पट्टीनें चिकटवितात तिला व्हेल्क्रो म्हणतात. मुलांच्या बुटांवर व दप्तरांवर ती आतां घरोघर आली आहे. तिची जन्मकथा आपल्या बायकांस विशेष समजेल. श्रावणांत पत्री आणावयास गेलें असतां आघाड्याचे तुरे लुगड्याच्या कांठास कसे धरून बसतात, तें कोणास ठाऊक नाहीं? जॉर्ज द मेस्त्राल नांवाचे एक स्विस इंजिनियर १९४१ सालीं शिकारीहून परतले, तेव्हां त्यांच्या कपड्यांस व कुत्र्याच्या केसांस असेच कांटेरी बोंड चिकटलेलें होतें. त्यांनीं तें सूक्ष्मदर्शकाखालीं धरलें. प्रत्येक कांट्याचें टोंक आंकड्यासारखें वळलेलें असून तें धाग्याच्या फांसांत अडकतें, असें त्यांस दिसलें. पुढें कित्येक वर्षें खटपट करून त्यांनीं एका पट्टीवर आंकडे व दुसरीवर फांस बनविले, आणि १९५५ सालीं त्याचें पेटंट त्यांस मिळालें. पोशाखावर शिवावयाची ती मऊ, फांसांची बाजू. आंकड्यांची खरखरीत बाजू चिन्हाच्या पाठीस. धुतांना चिन्हें काढून ठेवावीं. नाहींतर आंकड्यांत लव भरते आणि पुढें तीं धरीनाशीं होतात.

"पण शिवून टाकलें तर काय बिघडेल?" वहिनींनीं विचारलें. "पडलें-हरवलें तर?"

"तें कधीं कधीं मुद्दाम काढून ठेवायचं असतं, आई," पुतणी म्हणाली. आणि येथून पुढें माजघरांतील हंसणें थांबलें.

शांततेच्या काळांत तुकडीचें चिन्ह हा अभिमानाचा अलंकार आहे. युद्धाच्या काळांत तीच गोष्ट शत्रूच्या हातीं लागलेलें पत्र होते. वैमानिक शत्रूच्या मुलुखांत उतरला आणि त्याच्या छातीवर तुकडीचें चिन्ह असलें, तर ती तुकडी कोणती, तिच्याकडे विमानें कोणतीं, ती कोठून उडाली, हें सर्व त्यानें तोंड न उघडतांहि सांगितल्यासारखें होतें. म्हणून अनेक देशांच्या हवाई दलांत युद्धाच्या उड्डाणापूर्वीं अशीं चिन्हें उतरवून ठेवण्याची चाल आहे. विराटपर्वांत गोग्रहणाच्या वेळीं अर्जुनानें उत्तराच्या रथावरील सिंहध्वज उतरवून शमीच्या झाडाशीं ठेविला, आणि मग आपला ध्वज चढविला. त्याआधीं वर्षभर सर्व पांडवांनीं आपल्या खुणा व आयुधें दृष्टीआड केलीं होतीं. खूण केव्हां मिरवावी व केव्हां उतरवावी याचा विवेक आपल्या परंपरेस नवा नाहीं.

परंतु मग फिती आणि तिरंगा यांचें काय? याचें उत्तर शिवणशास्त्रांत नाहीं. तें जिनीव्हा येथें १२ ऑगस्ट १९४९ रोजीं झालेल्या युद्धकैद्यांविषयींच्या करारांत आहे. त्याचें १७ वें कलम सांगतें कीं, कैद झालेल्या योद्ध्यास आपलें नांव, हुद्दा, जन्मतारीख आणि सेवाक्रमांक एवढेंच सांगण्याचें बंधन आहे. त्याहून अधिक वदवून घेण्यासाठीं त्याचा कोणत्याहि प्रकारें छळ करतां येत नाहीं. १८ वें कलम सांगतें कीं, कैद्याजवळून त्याच्या हुद्द्याचीं व राष्ट्रीयत्वाचीं चिन्हें आणि पदकें काढून घेतां येत नाहींत. आणि ४० व्या कलमाप्रमाणें कैदेंतहि तीं धारण करण्याचा त्यास अधिकार आहे. भारतानें १९५० सालीं या करारास मान्यता दिली. म्हणजे असें झालें कीं, तुकडीचें चिन्ह आपण स्वतः आधीं उतरवावें. पण खांद्यावरची फीत आणि बाहीवरचा तिरंगा हीं दोन काढण्याचा अधिकार शत्रूलासुद्धां नाहीं.

हे नुसते कागदावरचे शब्द नव्हेत. १० डिसेंबर १९७१ रोजीं फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर हे मराठी वैमानिक आपलें सुखोई विमान पडल्यामुळें पाकिस्तानांत कैद झाले. रावळपिंडीच्या छावणींतून १९७२ च्या ऑगस्टमध्यें एका वादळी रात्रीं भिंतीस भोंक पाडून ते, ग्रेवाल व हरीश सिंहजी असे तिघे बाहेर पडले. अंगावर अर्थातच एकहि खूण नव्हती. अफगाण सरहद्द थोड्या मैलांवर राहिली असतां लंडी कोतल येथें त्यांनीं अशा एका रेल्वे स्टेशनाची वाट विचारली, कीं जेथें कित्येक वर्षांत गाडी जात नव्हती. तेथें संशय आला व ते पकडले गेले. त्या काळीं पश्चिम पाकिस्तानांत अडकलेले बंगाली लोक त्याच वाटेनें पळून जात; हे त्यांपैकींच, असा तेथील अधिकाऱ्याचा ग्रह झाला, आणि प्रकरण जिवावर बेतण्याच्या बेतास आलें. तेव्हां परुळकरांनीं छावणीच्या पूर्वीच्या पाकिस्तानी अधिकाऱ्याशीं टेलिफोनवर बोलणें करवून घेतलें. हे कोण आहेत हें त्या अधिकाऱ्यानें सांगितलें, आणि तिघांचे प्राण वाचले. पळालेल्या युद्धकैद्यानें साधे कपडे घातले, तरी केवळ तेवढ्यासाठीं त्यास शिस्तभंगापलीकडची शिक्षा करतां येत नाहीं, असें त्याच कराराचें ९३ वें कलम आहे. एकांतकोठडी भोगून ते परत छावणींत आले, आणि १ डिसेंबर १९७२ रोजीं इतर कैद्यांसह मायदेशीं परतले. अंगावरून उतरलेला हुद्दा टेलिफोनच्या तारेवरून परत आला आणि त्यानें त्यांस तारलें, असें म्हटलें तरी चालेल.

अलीकडचें उदाहरण तर सर्वांनीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. २७ फेब्रुवारी २०१९ रोजीं विंग कमांडर अभिनंदन वर्धमान पाकिस्तानच्या हद्दींत उतरले. नांव व क्रमांक सांगून, विमान व कामगिरी यांविषयींच्या प्रश्नांस त्यांनीं शांतपणें नकार दिला. १ मार्चच्या रात्रीं ते अटारीच्या सीमेवरून परत आले. किती बोलावें व कोठें थांबावें, याची मर्यादा त्यांच्या तोंडून साऱ्या देशानें ऐकली.

हें सर्व पुतणी अगदीं सहज सांगत होती. शाळेंतला धडा सांगावा तसें. वहिनी मात्र उठून स्वयंपाकघरांत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहींत. नांव, हुद्दा, क्रमांक, जन्मतारीख या चार शब्दांचा खरा अर्थ ज्या घरांतलें मूल त्या आसनावर बसतें, त्या घरासच कळतो.

शेवटीं तिरंगा राहिला होता. पुतणीनें तो आजीच्या हातीं दिला. राष्ट्रध्वजाचें चिन्ह वस्त्रावर वापरण्याविषयीं आपला कायदा १९७१ चा असून २००५ सालीं त्यांत दुरुस्ती झाली: पोशाखाचा भाग म्हणून तें धारण करतां येतें, पण कमरेखालीं नव्हे, आणि उशीच्या अभ्र्यावर वा हातरुमालावर तें भरावयाचें नाहीं. केशरी रंग नेहमीं वर असावा, हें सांगावयास नकोच. खऱ्या ध्वजाचें कापड तर आपल्याच दारांत तयार होत आलें आहे. मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीचें मुख्य ठाणें नांदेडास, आणि ध्वजाच्या खादीची विणाई लातूर जिल्ह्यांतील उदगीरास. लांबीरुंदीचें प्रमाण ३ : २, चक्राचे आरे २४, आणि चक्र दोन्ही बाजूंनीं दिसलें पाहिजे, असें त्याचें कडक शास्त्र आहे. २०२१ च्या अखेरीपासून यंत्रावरच्या पॉलिएस्टर कापडासहि ध्वजासाठीं परवानगी मिळाली; तरी हातानें विणलेल्या ध्वजाचा मान निराळा.

उदगीरचें नांव निघतांच मातोश्रींची सुई थांबली. उदगीर हें त्यांचें माहेर. १५ ऑगस्ट १९४७ रोजीं सारा देश ध्वज उभारीत असतां निजामाच्या राज्यांत तो उभारणें हा अपराध होता. स्वामी रामानंद तीर्थांस त्याच सुमारास तुरुंगांत जावें लागलें. मातोश्री तेव्हां सात वर्षांच्या होत्या. त्यांच्या आईनें तीन जुन्या पातळांच्या पट्ट्या जोडून एक ध्वज केला होता व तो ज्वारीच्या कणगींत पुरून ठेविला होता.

"आईनं तो कच्च्या टांक्यानं जोडला होता," मातोश्री म्हणाल्या. "मला वाटलं, हिला टीप घालायला वेळ मिळाला नसेल. मग तिनं मला दाखवून ठेवलं: झडती आली तर हा एक दोरा ओढायचा. तीन चिंध्या वेगळ्या होतात. चिंध्यांना कोण काय म्हणणार? वर्षभर तो दोरा माझ्या ध्यानांत होता. झोंपेंतसुद्धां मी तो ओढीत असे."

पुढें १७ सप्टेंबर १९४८ रोजीं हैदराबादची शरणागति झाली. त्या रात्रीं त्यांच्या आईनें कणगींतून तो ध्वज काढला, कंदिलाजवळ बसून धावदोरा उसवला, आणि तीन पट्ट्यांस पक्की टीप घातली. दुसऱ्या दिवशीं तो माळवदावर लागला. त्यावर चक्र नव्हतें. घरांत कोणासच तें नीट काढतां येत नव्हतें.

मातोश्रींनीं ही हकीकत आम्हांस पूर्वीं कधीं सांगितली नव्हती. सांगून झाल्यावर त्यांनीं बाहीवरचा तो लहानसा तिरंगा पुन्हां हातीं घेतला, कडेनें एक टीप घातली होती तिच्या आंतून दुसरी घातली, आणि चारी कोपऱ्यांवर दोन दोन टांके जास्त घेतले. एवढें घट्ट करण्याची गरज नाहीं, असें पुतणी म्हणणार होती. पण ती गप्प राहिली.

चार दिवसांनीं ती बिदरला निघाली. लढाऊ विमानांचें पुढील शिक्षण तेथें होतें. नांदेडहून गाडी परभणी, परळी, लातूर रोड, उदगीर अशी फिरत बिदरला जाते; म्हणजे पणजीच्या गांवावरूनच तिची वाट होती. निघतांना तिनें सर्वांस वांकून नमस्कार केला. मातोश्रींनीं तिच्या हातावर दहीं घातलें आणि म्हणाल्या, "त्या मोकळ्या जागेवर जें लागेल, तें काढायची वेळ आली तर तूंच काढून ठेव. मी शिवलंय त्याला मात्र कोणाला हात लावूं देऊं नकोस."

त्या विशेष जातीच्या दोऱ्याचें अर्धें रीळ उरलें होतें. तें मातोश्रींनीं आपल्या शिवणाच्या डब्यांत निराळें गुंडाळून ठेविलें आहे. दोन वर्षांनीं दुसरी फीत लावावयाची आहे.